डोंगराचा निळा आणि भिंतीवरचे ऊन

आपल्याकडे शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी तो देखावा काढलेला असतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट पायाशी येणारी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचे झाड आणि आभाळात चार पक्षी. डोंगर बहुतेक वेळा तपकिरी, नाहीतर गडद हिरवा. मुलाला विचारले की डोंगर तपकिरी का, तर उत्तर तयार असते : डोंगर मातीचा असतो म्हणून.

उत्तर बरोबर आहे. तरीही ऑक्टोबरातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी पुण्यातल्या गच्चीवरून सिंहगडाकडे पाहा. तो तपकिरी नसतो, हिरवाही नसतो. तो निळा असतो. गडावर जाऊन पाहिले तर काळा कातळ, पिवळे पडू लागलेले गवत आणि करवंदीच्या जाळ्या भेटतात. निळे असे काही सापडत नाही. मग वीसेक किलोमीटरवरून दिसलेला तो निळा कुठून आला?

या कोड्याचे दुसरे टोक माझ्या हाती अलीकडे लागले. माझे मामा शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसून काढलेले जलरंगातले एक निसर्गचित्र आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, चाळीस वर्षे होते. पुढे घाटाच्या पायऱ्या, मग कृष्णेचे पाणी, मागे डोंगरांच्या तीन निळ्या रांगा आणि वर फिकट पिवळसर, जवळजवळ कोरे आभाळ. गेल्या पावसाळ्यात फ्रेमची पाठ फुगली म्हणून ती उघडली, चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट उचलला, तर त्याखाली चारही बाजूंनी बोटभर रुंदीची एक पट्टी निघाली. त्या पट्टीत आभाळ गुलाबी होते. सूर्य नुकताच बुडाल्यावर असते तसे दाट गुलाबी. आणि डोंगर निळे नव्हतेच, जांभळे होते.

मामांनी संध्याकाळ रंगवली होती. मी लहानपणापासून सकाळ पाहत आले.

डोंगराला दुरून निळा करतो तो प्रकाश, आणि भिंतीवरच्या चित्रातले आभाळ पुसून टाकतो तोही प्रकाशच. निसर्गचित्र काढणाऱ्याला पहिली गोष्ट कळावी लागते. ते घरात लावणाऱ्याला दुसरी. दोन्ही समजायला सोप्या आहेत, पण सहसा कोणी सांगत नाही.

मधली हवा

हवा दिसत नाही असे आपण धरून चालतो. खोलीभर हवा खरोखरच दिसत नाही. वीस किलोमीटर जाडीची हवा मात्र दिसते. डोंगराचा निळा हा त्या हवेचा रंग आहे.

दिवसा मच्छरदाणीच्या आत बसलेल्या माणसाकडे बाहेरून पाहा. जाळीच्या एका पदरातून चेहरा ओळखू येतो, फक्त जरा पांढुरका वाटतो. जाळीचे चार पदर मध्ये आले तर केस तितके काळे राहत नाहीत, कपाळ तितके उजळ राहत नाही. आणखी पदर वाढवले की चेहरा जाऊन निव्वळ जाळी उरते. इथे एकाच वेळी दोन गोष्टी होतात. चेहऱ्याकडून निघालेला थोडा उजेड जाळीत अडकतो, आणि खिडकीतला उजेड जाळीच्या धाग्यांवर पडून आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे थोडे वजा होते आणि थोडे मिळवलेही जाते.

डोंगर आणि आपण यांच्यामधली हवा हेच करते. फरक एवढाच, की मच्छरदाणी पांढरी असते आणि हवेची जाळी निळसर असते. हवेचे रेणू प्रकाशाच्या लाटेपेक्षा फारच लहान आहेत. पाण्यात काठी रोवली तर मोठी लाट तिची दखलही न घेता पुढे जाते, बारीक तरंग मात्र तिच्यावर आपटून चहूकडे पसरतात. प्रकाशात लाल रंगाची लाट लांब, निळ्याची आखूड. म्हणून हवेत निळा जास्त विखुरतो. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन स्ट्रट, जे पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखले गेले, यांनी १८७१ मध्ये याचे गणित मांडले : लाटेची लांबी निम्मी झाली की विखुरणे सोळा पट होते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर आणि लालची ६५० धरली, तर निळा लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. आभाळ निळे दिसते ते याच कारणाने. दूरचा डोंगर निळा दिसतो, कारण त्याच्या आणि आपल्या मध्ये आभाळाचाच एक तुकडा असतो.

यातून एक बारकावा निघतो, जो डोळस चित्रकारांच्या कामात हमखास दिसतो. निळेपणा आधी चढतो तो गडद जागांवर : कड्याच्या सावल्या, झाडीचे काळपट पट्टे, घळी. तिथून मूळचा उजेड फारसा येतच नाही, त्यामुळे हवेने मिळवलेला निळा उठून दिसतो. याउलट दूरची पांढरी वस्तू निळी होत नाही. तिच्याकडून निघालेल्या पांढऱ्या उजेडातला निळा वाटेत गळतो आणि ती किंचित पिवळसर दिसते. क्षितिजाजवळचा पांढरा ढग डोक्यावरच्या ढगाशेजारी ठेवून पाहावा, फरक कळतो. दूरच्या सगळ्याच गोष्टींवर सरसकट निळा फासणाऱ्याचे चित्र खोटे वाटते, ते यामुळे.

आता ऋतू. धूळ, धूर आणि पाण्याचे थेंब हे रेणूंच्या मानाने प्रचंड मोठे असतात. ते लाल, निळा असा भेद करत नाहीत, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणजे पांढरेपणा वाढवतात. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी सह्याद्री निळा नसतो, राखाडी पांढुरका असतो, कधी दिसतच नाही. पाऊस हवा धुऊन जातो आणि परतीच्या पावसानंतर तोच डोंगर हात लावावा इतका जवळ आणि दाट निळा होतो. हिवाळ्यात आणखी एक गंमत असते. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन दरीत बसून राहते आणि गावातला चुलींचा, गुऱ्हाळांचा धूर तिच्यातच अडकतो. जानेवारीत सकाळी मेणवलीच्या घाटावर मी स्वतः रंगपेटी घेऊन बसले होते, तेव्हा समोरच्या डोंगराचा माथा स्पष्ट निळा होता आणि पायथा जवळजवळ पुसलेला. आपला अंदाज नेमका उलट असतो : पायथा जवळ, म्हणून तो गडद असणार. चित्रात माथा गडद ठेवून खाली उतरताना रंग पाण्याने पातळ करत नेला, की डोंगर जमिनीवर बसतो आणि त्याच्या पुढ्यात दरी तयार होते.

चित्रकलेच्या वर्गात याला एरियल पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. रेषा एका बिंदूला मिळवून खोली दाखवायची तशी इथे हवेने दाखवायची. लिओनार्दो दा विंचीने विज्ञानाच्या या स्पष्टीकरणाच्या कितीतरी आधी आपल्या टिपणवह्यांत लिहून ठेवले होते, की जितके दूर दाखवायचे तितके निळे करावे. मोनालिसाच्या मागे पाहा, खडकांचे सुळके निळसर धूसर होत गेले आहेत.

डोळा सांगतो, मन ऐकत नाही

मग मूल डोंगर तपकिरी का रंगवते? कारण आपण जे दिसते त्याच्यापेक्षा जे ठाऊक आहे ते जास्त पाहतो. दुधाचे पातेले सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्यात डोळ्यांत तीन वेगवेगळे रंग पाठवते. आपल्याला दूध तिन्ही वेळा पांढरेच दिसते. मेंदू उजेडाचा हिशेब वजा करून वस्तूचा ‘खरा’ रंग काढतो. रोजच्या व्यवहाराला हे फार उपयोगाचे आहे, नाहीतर संध्याकाळी भाजी घेताना टोमॅटो पिकला की नाही हेच कळले नसते. चित्र काढताना मात्र हा हिशेब आड येतो. झाड हिरवे, कौल तांबडे, पाणी निळे, असे पाठ असलेले रंग हात लावत सुटतो.

निसर्गचित्र शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी ही पाठांतरे विसरणे. डोळे किलकिले करून पाहायला सांगतात ते यासाठीच. पापण्या मिटत आल्या की बारीक तपशील जातात, रंगही मंदावतात आणि कुठे गडद, कुठे फिकट एवढेच उरते. गडद-फिकट बरोबर बसले तर रंग थोडा चुकला तरी चित्र उभे राहते. ते चुकले तर नेमका रंगही वाचवत नाही. वीस वर्षे चुकत शिकल्यावर माझे हे पक्के मत झाले आहे.

> घरी करून पाहा
> एका पांढऱ्या पोस्टकार्डाला मधोमध वाटाण्याएवढे भोक पाडा. ते हात लांब करून डोळ्यासमोर धरा आणि भोकातून आधी जवळच्या झाडाचा हिरवा पाहा, मग दूरच्या झाडीचा. आजूबाजूचे काही दिसत नसल्याने मेंदूला ‘हे झाड आहे’ हे कळत नाही, नुसता रंगाचा ठिपका दिसतो. दूरच्या झाडीचा ठिपका बहुतेकांना राखाडी निळा दिसतो. याच भोकातून डांबरी रस्त्यावर पडलेली सावली पाहा. ती काळी नसते, हेही लक्षात येईल.

पांढरा रंग म्हणजे कागद

हवेचा हा पातळ पडदा कागदावर उतरवायला जलरंग विलक्षण सोयीचे आहेत, कारण ते स्वतःच पडद्यासारखे काम करतात. जलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि डिंक. हा डिंक आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचा असतो. पाण्यात कालवून कागदावर ओढला की पाणी उडून जाते आणि डिंकाने पुडीचे कण कागदाला चिकटतात. थर इतका विरळ असतो, की उजेड त्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. काचेच्या पेल्यातले कोकम सरबत पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवल्यावर उजळून दिसते आणि काळ्या टेबलावर ठेवल्यावर मरगळते, तसेच हे आहे. चित्रातला उजेड रंगाचा नसतो, कागदाचा असतो.

पोस्टर कलरचे काम वेगळे. तो भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा खालचे सगळे झाकतो. गडदावर फिकट चढवता येतो. जलरंगात गडदावर फिकट चढत नाही, कारण खालचा गडद थर उजेड परत येऊच देत नाही. त्यामुळे जलरंगाचा चित्रकार उलटा विचार करतो. सर्वांत उजळ काय राहणार, ते आधी ठरवतो आणि तेवढा कागद कोरा सोडतो. पाण्यावरची चमक, देवळाच्या कळसावरचे ऊन, बगळा, हे रंगवलेले नसतात, राखलेले असतात. मग आभाळ, मग सर्वांत दूरची रांग अगदी पातळ रंगात, ती वाळल्यावर तिच्या पुढची जरा दाट, आणि शेवटी हातभर अंतरावरचे दगड-गवत भरगच्च रंगात. हवा जशी दुरून जवळ विरळ होत येते, त्याच क्रमाने थर चढतात.

डोंगराच्या निळ्यासाठी बहुतेक जण अल्ट्रामरीन वापरतात. हा रंग एकेकाळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दी दगडापासून करत आणि तो सोन्याच्या तोलाचा असे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली आणि तो इतका स्वस्त झाला, की पांढऱ्या कपड्यांना घालायच्या पावडरच्या निळीतही आला. याची पूड जड असते. ओल्या कागदावर ती खाली बसते आणि कागदाच्या खडबडीत खळग्यांमध्ये साचते. वाळल्यावर जो दाणेदारपणा येतो, तो कड्याकपारींसारखा दिसतो. चित्रकाराने केवळ एक सपाट हात फिरवलेला असतो. डोंगराचा पोत कागद आणि पूड मिळून करतात.

म्हणून कागदावर खर्च करावा, रंगांवर नंतर, असे मी नव्याने शिकणाऱ्यांना सांगते. शाळेच्या पातळ ड्रॉइंग पेपरचे धागे पाणी पिऊन फुगतात, कागदाला लाटा येतात आणि रंग त्या लाटांच्या खळग्यांत धावतो. सुती चिंध्यांच्या लगद्याचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद हे सहन करतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत असा चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो.

महाराष्ट्रात या माध्यमाची मोठी परंपरा आहे. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले, तिथे इंग्रजी जलरंगाची पद्धत शिकवली जाऊ लागली आणि इथल्या चित्रकारांनी तिला इथला उजेड दिला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठाने रंगवत राहिले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, निसर्गचित्रांचे एम. के. परांडेकर, समुद्र रंगवणारे प्रल्हाद धोंड, अशी ही रांग आहे. हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले चित्र पुष्कळ लोक तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे.

कणगीतले धान्य

आता मामांच्या आभाळाकडे येऊ. पण त्याआधी, उजेडाने रंग जातो हे ओळखलेल्या एका माणसाची गोष्ट.

लंडनच्या हेन्री व्हॉन या संग्राहकाने १९०० मध्ये इंग्लिश चित्रकार टर्नरची जलरंगातली चित्रे एडिंबरा आणि डब्लिन इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना मृत्युपत्राने दिली आणि अट घातली, की ती फक्त जानेवारीत लोकांना दाखवावीत. त्या देशांत जानेवारीचा उजेड सर्वांत मंद. बाकीचे अकरा महिने चित्रे अंधारात राहिली. आज ती पाहणाऱ्यांना त्यांतले निळे आणि गुलाबी जवळजवळ ताजे दिसतात.

रंगाच्या रेणूतल्या विशिष्ट जोडणीमुळे तो ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो आणि उरलेला परत पाठवतो. हाच त्याचा रंग. शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. बहुतेक वेळा ती उष्णता होऊन निघून जाते. पण कधीतरी तिच्या धक्क्याने जोडणी तुटते आणि तो रेणू रंगहीन होतो. अतिनील किरणांचा धक्का मोठा, म्हणून ते जास्त घातक. साध्या डोळ्यांना दिसणारा प्रकाशही तेच करतो, फक्त सावकाश. एकदा तुटलेली जोडणी चित्र अंधारात ठेवल्याने परत जुळत नाही.

चित्राचा रंग म्हणजे कणगीत भरून ठेवलेले धान्य समजा. रोजचा उजेड त्यातून काही मापे काढून नेतो. मंद उजेड थोडी मापे नेतो, प्रखर जास्त, पण कणगी पुन्हा कोणी भरत नाही. संग्रहालये कागदावरच्या चित्रांना ५० लक्स इतकाच उजेड देतात. लक्स हे उजेडाचे माप. बाहेरचे रखरखीत ऊन सुमारे १ लाख लक्स भरते. आमच्या भिंतीवर खिडकीतून सरासरी १००० लक्स रोज दहा तास येत होते असे धरू. एक लक्स उजेड तासभर पडला की एक माप गेले असे धरले, तर संग्रहालयात आठ तासांत ४०० मापे जातात, आमच्याकडे रोज दहा हजार गेली, म्हणजे पंचवीस पट. आमच्या भिंतीवरची चाळीस वर्षे ही संग्रहालयातली हजार वर्षे झाली.

तरी त्याच चित्रातला निळा का टिकला? सगळ्या रंगांच्या कणग्या सारख्या नसतात. १८८८ मध्ये इंग्लंडात रसेल आणि अ‍ॅब्नी या दोघा शास्त्रज्ञांनी सरकारसाठी जलरंगांची पद्धतशीर परीक्षा केली. रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या. वनस्पती आणि किड्यांपासून केलेले रंग भराभर उडाले. माती आणि खनिजांचे बहुतेक टिकले. दमट हवेत रंग जास्त गेले आणि हवा काढून घेतलेल्या नळ्यांत बहुतेक वाचले. म्हणजे चोर एकटा प्रकाश नाही. हवा आणि ओल त्याला साथ देतात.

अल्ट्रामरीन, गेरू, पिवळी माती, बर्न्ट सिएना हे टिकाऊ. जुना क्रिमसन लेक मात्र कच्चा. या नावातला ‘लेक’ आपल्या लाखेवरून आलेला आहे. लाखेच्या किड्यापासून निघणारा तांबडा पाण्यात विरघळतो. तो एखाद्या पांढऱ्या पुडीवर बसवून रंग तयार करत, आणि पुढे अशा रीतीने केलेल्या सगळ्याच रंगांना युरोपात लेक म्हणू लागले. मामांनी आभाळात निव्वळ क्रिमसन वापरला होता आणि डोंगरात क्रिमसन व अल्ट्रामरीनची मिसळ. उजेडाने क्रिमसन तेवढा नेला. आभाळ कोरे झाले, जांभळे डोंगर निळे झाले. मी ज्याला हवेचा निळा समजत होते, तो निम्मा उन्हाने केलेला होता.

जुन्या इंग्रजी जलरंगांत याच्या उलटही पाहायला मिळते. तिथे नीळ आणि तांबड्या मातीच्या मिश्रणातून राखाडी ढग केले. नीळ झुडपापासून काढलेली, म्हणून ती उडाली, माती राहिली आणि पावसाळी ढग तांबूस झाले.

रंग विकत घेताना नळीवरची बारीक अक्षरे वाचावीत. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीआर ८३ म्हणजे उडणारा अ‍ॅलिझरिन क्रिमसन. चांगल्या नळ्यांवर टिकाऊपणाची खूणही असते.

ओल, कसर आणि खळ

आपल्या हवेत चित्राचा दुसरा शत्रू ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी उगवते, आणि कोकणात, मुंबईत पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. कागदाचा सेल्युलोज, त्याला दिलेला सरस, रंगातला डिंक, हे सगळे बुरशीचे आणि कसरीचे खाद्य आहे. कागदावर तांबूस ठिपके पडतात, ते पुसून जात नाहीत.

आमच्या चित्राची फ्रेम ज्या दुकानात केली, तिथे चार चुका एकदम झाल्या होत्या. चित्र चारही कडांनी पुठ्ठ्याला चिकटवलेले, त्यासाठी सेलोटेप वापरलेली, माउंट इतका पातळ की चित्र काचेला टेकत होते, आणि पाठीला साधा हार्डबोर्ड. या प्रत्येकामागचे कारण कळले तर आपण दुकानात उभे राहून नीट सांगू शकतो. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्यात आवळतो. चारही बाजूंनी बांधला तर त्याला लाटा येतात किंवा तो फाटतो. म्हणून तो फक्त वरच्या कडेला, दोन लहान कागदी पट्ट्यांवर, दोरीवरच्या कपड्यासारखा लटकता ठेवायचा. पट्ट्या चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ सर्वांत उत्तम, कारण गरज पडल्यास ती पाण्याने सुटते. सेलोटेपचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग होतो. काच गार झाली की तिच्या आतून दव धरते, म्हणून काच आणि चित्र यांत माउंटच्या जाडीचे अंतर हवे. साध्या पुठ्ठ्यातले आणि हार्डबोर्डातले आम्ल हळूहळू कागदात उतरून त्याला तपकिरी आणि ठिसूळ करते, म्हणून आम्लविरहित बोर्ड मागून घ्यावा. तो महाग पडतो, पण चित्राला लागून असलेल्या थरापुरता तरी घ्यावाच.

आणि एक साधी युक्ती. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्धा सेंटिमीटर जाड तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा खेळते. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि देवघराच्या वरची जागा टाळावी. समईची काजळी रोज थोडी बसते आणि कित्येक वर्षांनी कळते.

क्षितिज कुठे टांगायचे

आपल्या घरांत चित्रे फार उंच लावतात. त्याला कारण आहे. भिंतीवरची पहिली चौकट देवाची किंवा वाडवडिलांच्या फोटोची असते आणि ती आदराने दरवाजाच्या वर, जरा पुढे झुकवून, हार घालायच्या बेताने लावतात. तीच सवय निसर्गचित्राला लागते, आणि तिथे ती चुकते.

अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत बसा. समुद्राची कड डोळ्यांच्या रेषेत असते. उभे राहा, ती तुमच्याबरोबर वर येते. लांबवर पसरलेल्या सपाट पृष्ठभागाची कड नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला दिसते. चित्रकाराने जिथे क्षितिज मांडले, तिथे त्याचे डोळे होते. ती रेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीला आली की तुम्ही त्याच्या जागी बसता आणि भिंतीत खिडकी उघडते. तेच चित्र सात फुटांवर टांगले तर डोळे समुद्राच्या खालून वर पाहतात आणि चित्र नुसता रंगवलेला कागद होऊन बसते.

संग्रहालयात लोक उभे राहून पाहतात, म्हणून तिथे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. घरात आपण बसून पाहतो. खुर्चीवर बसलेल्याचे डोळे सुमारे ११५ सेंटिमीटरवर असतात. बाहेरच्या खोलीतले निसर्गचित्र त्या बेताने खाली घ्यावे. सुरुवातीला ते पडल्यासारखे वाटते, आठवड्यात डोळा बसतो.

भिंत निवडताना खिडकीच्या समोरची नको, तिच्या काटकोनातली घ्या. समोरच्या काचेत खिडकीच दिसत राहते आणि उजेडही थेट येतो. बाजूच्या भिंतीवर दोन्ही टळतात. अतिनील किरण अडवणारी काच मिळते आणि ती उपयोगी आहे. पण दिसणारा प्रकाश ती अडवत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर चित्र उन्हात टांगू नये. चित्रे दोन असतील तर सहा सहा महिने आलटून पालटून लावावीत, प्रत्येकाचे आयुष्य दुप्पट होते.

मामांचे चित्र आता आतल्या खोलीत, खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर आहे. या वेळी माउंट मुद्दाम रुंद तोंडाचा करून घेतला, म्हणजे कडेची ती बोटभर गुलाबी पट्टीही दिसते. गेलेला रंग परत भरून घ्यावा असे दोघांनी सुचवले. मी तो भरला नाही. तो हात मामांचा राहिला नसता.

तुमच्या घरात कुणी काढलेले जुने जलरंगचित्र असेल, तर येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, ते भिंतीवरून उतरवा. फ्रेमची पाठ उघडून माउंटखाली एकदा पाहा. चित्र काढणाऱ्याने वापरलेले रंग तिथे अजून असतील.